बटूची जाळी

माझे साडू उमाशंकर पुराणिक धारला राहतात. ते मोठे जावई आणि मी धाकटा, म्हणून तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करतो. मनात मात्र अरे-तुरे चालतं, आणि इथे मनातलंच सांगायचं असल्यामुळे तसंच लिहीन. मला या माणसाचा हेवा वाटतो, आणि तो थोडाथोडका नाही. सणाला पहिलं पान त्याच्यापुढे मांडलं गेलं की माझ्या पोटात दुखायला लागतं आणि जेवण झालं तरी थांबत नाही.

आता माणूस कसा आहे ते सांगतो. उंच, साठी उलटली तरी डोक्यावर दाट केस. सरकारी शाळेत इतिहास शिकवायचा. पूर्वज धारच्या दरबारात दफ्तरात होते, ते त्याच्या बोलण्यात अजून दिसतं; आम्ही देवासकर मराठी बोलता बोलता हिंदीत कधी घसरतो ते आमचं आम्हाला कळत नाही, हा मात्र सत्यनारायणाची कथा सांगायला बसला की लोक शिऱ्याची वाट बघायचं विसरतात. माझी बायको चारुलता त्याची धाकटी मेहुणी. मी केलेल्या विनोदावर ती हसल्याचं मला आठवत नाही, त्याच्या विनोदावर ती पदर तोंडाला लावून हसते.

निवृत्तीनंतर त्याने जो छंद धरला त्याने तर कहर केला. राजगढला कुणाच्या तरी मुंजीला गेला होता, तिथे एका भंगारवाल्याच्या आवारात त्याला लहानसा ट्रॅक्टर दिसला. शेतातला नव्हे, बागेतला. एका माणसाने वर बसून गवत कापायचं, मागे छोटी ट्रॉली लावून माती-खत ओढायचं, उंचीला माझ्या कंबरेएवढा. एके काळी मोठ्या बंगल्यांत आणि रोपवाटिकांत अशी यंत्रं बाहेरून आणलेली असत. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती झाडाखाली पडून राहिली. उमाशंकरने तो सांगाडा टेम्पोत घालून घरी आणला. मग सतवासहून दुसरा आणला. मेधाताई, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या की आता घरात आणखी एक लोखंड आलं तर मी माहेरी जाईन. त्यावर तो म्हणाला की तिकडेही एक आहेच.

त्याच्या हाताला चिकाटी आहे, हे मला कबूल करावंच लागतं. गंज रॉकेलमध्ये भिजवत ठेवायचा, तारेच्या ब्रशने दिवस दिवस घासायचा, प्रत्येक बोल्ट वेगळ्या वाटीत. त्या वाट्या मेधाताईंच्या. रंग तर असा शोधायचा की बघत राहावं. बोल्ट सोडवला की त्याच्या टोपीखाली ऊन न लागलेला पैशाएवढा गोल राहिलेला असतो, मूळ रंगाचा. तो गोल दुकानदाराला दाखवून हुबेहूब तसाच रंग कालवून आणायचा.

पण इंजिन हे माझं काम. देवासच्या कारखान्यात माझा जन्म मेंटेनन्समध्ये गेला. त्याचा फोन यायचा, "शालिग्रामराव, जरा येऊन जाता का?" मी इंदूरला बस बदलून धारला जायचो, पॉइंट घासायचो, कार्बोरेटर खोलून साफ करायचो, झडपा बसवायचो, दोरी गुंडाळून खेचायचो. इंजिन फटफट करून सुरू झालं की गल्ली गोळा व्हायची आणि म्हणायची, पुराणिक सरांचा ट्रॅक्टर चालू झाला. मग तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगायचा की यांच्यावाचून काही झालं नसतं. त्यामुळे लोक त्यालाच मोठ्या मनाचा म्हणायचे. माझ्या हातांना काळं तेल तसंच लागलेलं असायचं.

माहेरी असलेला एक, म्हणजे बटू. माझे सासरे रोपवाटिकेत नोकरीला होते आणि तिथल्या लिलावात त्यांनी हा ट्रॅक्टर घेतला होता. लहानखुरा आणि डोक्याला गुळगुळीत, म्हणून त्याला बटू म्हणायचे. पुढे जाळी, तिच्यामागे इंजिनाची पुली आणि पट्टा. सासरे गेल्यावर बटू सासूबाईंच्या भाड्याच्या घराच्या अंगणात, टेकडीच्या पायथ्याशी, ताडपत्रीखाली उभा होता. मी देवासलाच राहत असल्यामुळे त्याची काळजी मीच घेतली. दर महिन्याला ताडपत्री काढून इंजिन हाताने फिरवायचो, म्हणजे आतून जाम होऊ नये. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचो. उंदरांनी सीटमध्ये घर केलं ते मी काढलं. मला बटू हवा होता. आयुष्यात फार गोष्टी हव्याशा वाटल्या नाहीत, ही वाटली. मी माझ्या हाताने तो चालू करावा, त्यावर बसून एक फेरी मारावी आणि बघणाऱ्यांनी म्हणावं की हा शालिग्रामचा ट्रॅक्टर.

उमाशंकरचं लक्ष त्याच्याकडे गेलं तेव्हाच मला कळलं की आता माझं काही खरं नाही. तो सासूबाईंना भेटायला म्हणून यायला लागला आणि गप्पा मारता मारता बटूचे बोल्ट सोडवायला लागला. मग आम्ही दोघांनी मिळून त्याला उभा केला. टाकीतला गंज खडे घालून खळखळ हलवून काढला, नवा पट्टा घातला, ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. हँडलजवळ इंजिन बंद करायचं लाल बटण मी माझ्या पदरचं बसवलं, कारण जुन्या यंत्रांत ते नसतं आणि हात-पाय अडकला तर माणसाला तेवढाच आधार असतो. त्याने केशरी रंग दिला. बघणारे रंगच बघत होते.

पहिल्यांदा चालू करायचा दिवस आला. उमाशंकर पूजेला म्हणून धोतर नेसून आणि खांद्यावर उपरणं टाकून आला. मी म्हटलं, यंत्रापाशी सैल कापड नको. तो म्हणाला, पूजा करून लगेच काढतो. नारळ फोडला, मी दोरी खेचली, बटू सुरू झाला. पट्ट्याचा ताण बघायचा म्हणून पुढची जाळी काढून ठेवलेली होती. तेवढ्यात त्याला आठवलं की कुंकू लावायचं राहिलं. तो चालत्या इंजिनापुढे वाकला आणि उपरण्याचं टोक पुलीने ओढून घेतलं. मी लाल बटण दाबलं. उपरणं फाटलं, त्याच्या मानेला लाल वळ उठला, आणखी दोन वीत ओढला गेला असता तर मान पट्ट्यात होती. मी पुलीत अडकलेलं उपरणं सोडवत बसलो. तो पायरीवर बसून पाणी प्यायला आणि आल्या-गेल्यांना शांतपणे सांगत राहिला. सगळे म्हणाले, देवाने वाचवलं, आणि काय माणसाचा धीर.

त्या दिवशी मी नियम केला. जाळी नाही, तर इंजिन नाही. कुंकू आधी, दोरी नंतर. धारच्या त्याच्या शेडची दारं बंद असताना इंजिन चालवायचं नाही, कारण धुराने माणूस बसल्या जागी झोपतो. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, चाकांना ठोकळे लावल्याखेरीज खाली हात घालायचा नाही. उमाशंकरने हे सगळं निमूट ऐकून घेतलं. पुढच्या वेळी धारला गेलो तर शेडमध्ये पाटी लावलेली, त्याच्या वळणदार अक्षरात, 'जाळी नाही, तर इंजिन नाही.' येणारे-जाणारे म्हणायचे, सरांनी किती छान लिहिलंय.

मग घरमालकाला सासूबाईंच्या अंगणाच्या जागी दुकानं काढायची होती. घर सोडायचं ठरलं. सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, आमच्याकडे राहायला येणार होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बटूला जिने चढता येत नाहीत. तरीही मी एक जागा बघून ठेवली होती, मित्राच्या गोदामाची मागची बाजू. ते मी सासूबाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "अधिक महिना येतोय, तेव्हा बघू."

अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं ही आपल्याकडची रीत. जावई विष्णूच्या जागी, त्याला दिवा आणि तेहेतीस अनारसे. अनारसेच का, तर त्यांना जाळी पडते, आणि हे वाण जाळीदारच हवं. सासूबाई या बाबतीत फार काटेकोर. एकदा दिलेलं वाण जावयाने दुसऱ्याला द्यायचं नाही, हीसुद्धा त्यांच्या घरची रीत. मला खात्री वाटायला लागली की त्या बटू वाणात देणार, आणि सांभाळणाऱ्यालाच देणार. आता त्या आमच्याच घरी येणार होत्या. औषधं मी आणत होतो, बँकेत मी नेत होतो. चारुलताने माझा चेहरा ओळखला. ती म्हणाली, "आईच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण तुम्ही तोंड पाडून बसू नका, एवढंच."

वाणाच्या दिवशी आम्ही दोघं जावई पाटांवर बसलो. पहिला पाट त्याचा. सासूबाईंनी दिवे लावले, अनारश्यांची ताटं दिली, आणि मग म्हणाल्या की ह्यांची एक वस्तू आहे, ती दोघांत द्यायची आहे. मेधाताईंच्या आणि चारुलताच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाटावर सरसावून बसलो.

"बटू उमाशंकरांना," सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे अंगण आहे. आणि बटूची जाळी शालिग्रामना."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्यांनी खरोखर आतून जाळी आणली, घासून लख्ख केलेली, तिच्यावर हळद-कुंकू लावलेलं, आणि माझ्या ओंजळीत ठेवली. वर म्हणाल्या की वाण जाळीदार पाहिजे, तेव्हा खरं वाण तुम्हालाच मिळालंय, मनात काही आणू नका. त्यांच्या हिशेबात वाटणी अगदी सारखी झाली होती. मी जाळी मांडीवर घेऊन बसलो. उमाशंकर माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्याचाही मला राग आला. हसला असता तर निदान भांडता आलं असतं.

बटू टेम्पोत बसून धारला गेला. मी टेम्पो वळेपर्यंत बघत उभा होतो. चारुलता म्हणाली की चला आत, आई एकटी आहे. मी जाळी जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली आणि बरेच दिवस कुणाशी धड बोललो नाही.

एक समाधान मात्र होतं. जाळी माझ्याकडे, आणि जाळी नाही तर इंजिन नाही. नियम माझा, पाटी त्याच्या अक्षरातली. वाण पुढे द्यायचं नाही, म्हणजे जाळी मी त्याला देऊ शकत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर देणारही नव्हतो. बटू चालवायचा तर मला बोलवावं लागणार. तसंच झालं. रविवार जवळ आला की त्याचा फोन, "शालिग्रामराव, जाळी घेऊन येता का?" मी चादरीत गुंडाळलेली जाळी काखेत मारून निघायचो. इंदूरच्या स्टँडवर एक कंडक्टर रोजच्या ओळखीचा असल्यासारखा विचारायचा, "भिया, कूलर अभी तक ठीक नी हुआ क्या?" मी त्याला कधी खरं सांगितलं नाही.

धारला पोचलो की चहा, मग मी जाळी बसवायचो, कुंकू, मग दोरी. पहिली फेरी तो मला मारायला लावायचा. "तुम्ही आधी," म्हणायचा, "जाळी तुमची." मी बसायचो, पेरूच्या झाडाला वळसा घालून यायचो. फेरी छान व्हायची, पण ती त्याने दिलेली असायची, आणि उतरताना मला ते आठवायचं. मग तो ट्रॉलीत कुणालाच उभं राहू न देता, सगळ्यांना खाली बसवून, गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू न्यायचा. संध्याकाळी मी चार बोल्ट काढून जाळी पुन्हा चादरीत बांधायचो. हे बघून कुणीतरी एकदा म्हणालं की काय तऱ्हेवाईक माणूस आहे हा. ते माझ्याबद्दल होतं.

गेल्या दिवाळीआधीच्या एका रविवारी मी शेडमध्ये चाकाचे ठोकळे शोधत होतो. ते नेहमीच्या जागी नव्हते, म्हणून तेलाच्या पिंपामागे हात घातला. हाताला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. उघडलं तर जाळी. बटूचीच, पण नवी. केशरी रंगाची कड, चारही भोकं बरोबर. एका भोकाभोवती बोल्ट आवळल्याची गोल खूण होती, म्हणजे ती एकदा बसवून बघितलेली होती.

मेधाताई चहा घेऊन आल्या आणि माझ्या हातात ती बघून दारातच थबकल्या. मग त्यांनीच सांगितलं.

"बटू आला त्याच आठवड्यात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घेतली. बसवली, बरोबर बसली. मग म्हणाले, ही लावली तर शालिग्राम कशाला येतील. काढली आणि तिकडे टाकली. तुम्ही बघितली म्हणून सांगू नका हं."

मी ती जाळी उजेडात धरली. आधी तिच्यात खोट शोधली. तार माझ्या जाळीपेक्षा जाड होती, वेल्डिंग साफ होतं, रंग अर्थातच माझ्यापेक्षा चांगला. म्हणजे सगळे रविवार त्याला माझी गरज नव्हती. मी काखेत मारून आणत होतो ते त्याला लागतच नव्हतं, आणि तरी तो गाडी सुटायच्या आत फोन करून विचारत होता की निघालात ना. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी अंगाचा असा भडका उडाला की ठोकळा फेकून मारावासा वाटला. पाट त्याचा पहिला, ट्रॅक्टर त्याचा, अक्षर त्याचं, आणि आता मोठेपणाही त्याचाच. माझ्याकडे एक जाळी होती, तीही त्याने ठेवू दिली म्हणून होती.

गोणपाट होतं तसं बांधून मी जाळी पिंपामागे ठेवून दिली. पण विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. मला वाटलं, गुपचूप मोठेपणा करणं सोपं आहे. चारचौघांत वेळ आली की बघू.

तशी वेळ लवकरच आली. दिवाळीनंतर त्याचे जुने विद्यार्थी इंदूरहून येणार होते, बायकामुलांसकट, खास बटू बघायला. त्याने मला फोन करून दोनदा बजावलं. मी गेलो, आणि मुद्दाम जाळी घरी ठेवून गेलो. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, बटू मध्ये उभा, पुसून चकचकीत, पुढची बाजू उघडी. माणसं मोबाइल काढून तयार. उमाशंकर माझ्या काखेकडे बघून थांबला.

"विसरलो," मी म्हटलं.

त्याने शेडकडे बघितलं. मी त्याच्याकडेच बघत होतो, त्यामुळे मला ते दिसलं. पिंप तिथून दहा पावलांवर होतं. दारात मेधाताई उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता जाईल, आता ती जाळी काढून आणेल, सगळ्यांदेखत बसवेल, आणि मी मोकळा होईन. यापुढे यायला नको, हेवा करायला नको.

तो पाहुण्यांकडे वळला आणि आपल्या कथेच्या आवाजात म्हणाला, "आज बटू चालणार नाही. जाळी देवासला राहिली. आमचा नियम आहे, शालिग्रामरावांनी केलेला, आणि त्या नियमाने माझी मान वाचलेली आहे." मग त्याने मानेवरचा वळ जिथे होता ती जागा सगळ्यांना दाखवली आणि मी लाल बटण कसं दाबलं ते पहिल्यापासून सांगितलं. इतके दिवस त्या गोष्टीत देव होता, आता मी होतो. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. एका बाईने येऊन माझ्या पायांना हात लावला. मला कुठे बघावं ते कळेना.

पाहुणे पोहे खाऊन बटूशेजारी उभं राहून फोटो काढून गेले. इतक्या लांबून येऊन त्यांना इंजिनाचा आवाजसुद्धा ऐकायला मिळाला नाही. आम्ही दोघं बंद बटूपाशी चहा घेत बसलो. मी शेवटी विचारलं की लोकांसमोर वाईट नाही वाटलं का. तो म्हणाला, थोडं वाटलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "शालिग्रामराव, तुम्ही कधी काही विसरत नाही."

पिंपाचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या काखेत काही नव्हतं, तर हात अवघडल्यासारखा वाटत होता. घरी आलो तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी विचारलं, बटू चालला का. मी म्हटलं, नाही, जाळी राहिली. त्या म्हणाल्या की वाण असं विसरू नये. मी पलंगाखालून जाळी काढली, पुसली आणि पुढच्या रविवारसाठी दाराजवळ उभी करून ठेवली. त्या माणसाचा हेवा अजून वाटतो. पूर्वी ट्रॅक्टरचा वाटायचा, आता पिंपामागच्या जाळीचा वाटतो.